नॉझलला पिन मारायची नाही

गेल्या आठवड्यात एके रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल आला. आयर्लंडहून भाचा. तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले. अंगात जाकीट, कानावरून टोपी, आणि बोलताना तोंडातून वाफ. घरातच! मी इकडे गुहागरला पडवीत बनियनवर, डासांसाठी पंखा एकवर लावून बसलेलो.

"मामा, बर्नर गेला. कुठला घेऊ सांग."

मी तेवीस वर्षं बोटीवर, इंजिनरूममधे काढली. वायपर म्हणून चढलो, मग ऑइलर झालो आणि फिटर म्हणून उतरलो. त्यामुळे जिथे तेल आणि आग एकत्र येते ते सगळं मला कळतं, असा घरच्यांचा समज आहे. पाखाडीत कुणाचा पंप अडला तरी हाक मलाच. पण या वेळी प्रश्न खरोखरच माझ्या पोटापाण्याचा होता, म्हणून उठून बसलो.

आयर्लंडमधे गॅसची लाइन नसलेल्या गावांत पुष्कळ घरं रॉकेलवर तापतात. हो, रॉकेलच. आपण रेशनच्या रांगेत डबा धरून ज्याचे निळे लिटर मोजून घेतले, जवळजवळ तेच. तिथे टँकर येतो आणि घरामागच्या टाकीत हजार लिटर ओतून जातो. बॉयलर मागच्या खोपटात, त्याला लावलेला बर्नर तेल फवारून पेटवतो, आणि त्यातलं गरम पाणी भिंतीभिंतीवरच्या रेडिएटरांतून फिरतं.

कॉल चालू असताना बहीणही उठून आली होती. तिला पोराच्या तोंडची वाफ तेवढी दिसत होती. तिला म्हटलं, अगं, आपला बंबच तो. मधल्या नळीत आग, भोवती पाणी. फरक एवढाच, की आपण माडाची चुडतं आणि सोडणं घालतो आणि ते तेल फवारतात. ती म्हणाली, "मग चुडतं घाल म्हणावं."

तर बर्नर. भाच्यानं तिथल्या एका माणसाला विचारलं होतं. त्यानं सरळ मोठा बर्नर सुचवला, का तर म्हणे घर लवकर तापेल. मला हे ऐकूनच तिडीक गेली. बंबात एकदम आठ चुडतं कोंबली तर पाणी आठपट लवकर तापतं का? धूर होतो, ज्वाळ तोंडातून बाहेर येते आणि घरातली बाई शिव्या घालते. बॉयलरचंही तेच. आतल्या पोकळीत जेवढी आग नीट मावते आणि जेवढी उष्णता भोवतालचं पाणी ओढून घेतं, तेवढंच खरं. बाकीची चिमणीतून जाते. शिवाय पाणी पटकन तापून बर्नर सारखा बंद-चालू होतो, आणि प्रत्येक वेळी पेटताना, विझताना थोडी काजळी धरते.

म्हटलं, आधी बॉयलरवरची पाटी वाच. टॉर्च घेऊन खोपटात गेला बिचारा. पाटीवर लिहिलं होतं 20 ते 26 किलोवॉट. तीन खोल्यांचं घर, खिडक्या नवीन बसवलेल्या. 20 पुरे. जुना बॉयलर, तेव्हा शंभरातली पंच्याऐंशी उष्णता पाण्याला मिळते असं धरलं. म्हणजे जाळायचे साधारण साडेतेवीस किलोवॉट. रॉकेलच्या एका लिटरात सव्वादहा-साडेदहा किलोवॉट-तास असतात, म्हणजे तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास.

इथे भाचा अडकला. नॉझल म्हणजे बर्नरचं तेल फवारणारं टोक. त्यावर तासाचे लिटर नसतात, गॅलन असतात. त्यानं चार पूर्णांक पाचनं भागलं आणि त्याचं उत्तर 0.50 आलं. अरे, तो इंग्रजी गॅलन! नॉझलवरचा गॅलन अमेरिकन, 3.785 लिटरचा. भागून 0.60 येतं. आणि तो आकडाही 7 बार दाबावरचा. पंपाचा दाब 10 बारवर नेलास तर 0.50 चं नॉझलही तेवढंच तेल सोडतं, कारण तेल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबानं वाढतं. दाब जास्त तर फवारा बारीक आणि ज्वाळ स्वच्छ. पण भोक लहान, म्हणजे कचऱ्यानं लवकर तुंबणार. त्याच्या टाकीला वीस वर्षं झालीत, तळाशी पाणी आणि गाळ असणारच. म्हणून बॉयलरवाल्याच्या पुस्तकात दोन्ही चालत असतील तर मी मोठं भोक आणि कमी दाब घेईन, आणि आधी टाकीतला गाळ काढून फिल्टर बदलून घेईन.

नॉझलवर अंशही कोरलेले असतात. 60 म्हणजे लांबट फवारा, 80 म्हणजे पसरट. खोल, अरुंद पोकळीला लांबट. आखूड, रुंद पोकळीला पसरट. चुकीचा घातला तर ज्वाळ भिंतीला चाटते, तिथे थंड पडते आणि काजळी धरते. बाजारात हवा तो बर्नर कुठल्याही बॉयलरला चिकटवता येत नाही तो याचसाठी. भाचा सारखा विचारत होता, कंपनी कुठली, रिएलो घेऊ का बेंटोन? दोन्ही चांगल्या. पण बॉयलरच्या पुस्तकात त्याच मॉडेलपुढे बर्नरचं नाव, नॉझल, दाब आणि पुढच्या नळीची लांबी छापलेली असते. त्या ओळीत जे आहे ते घ्यायचं. माझ्या तेवीस वर्षांना त्या एका ओळीपुढे किंमत नाही, हे त्याला सांगताना जरा वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र पुस्तक न बघताच विचारली. बर्नर हवा कुठून घेतो? खोपटातूनच, की भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीतून? हवेची नळी असलेल्या बॉयलरला त्याच तऱ्हेचा बर्नर लागतो. भाच्यानं फोन मागे नेला. नळी होती. मोठा बर्नर सुचवणाऱ्या त्या माणसानं हे विचारलंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "मामा, सकाळपासून ते लाल बटन सहा-सात वेळा दाबलं. एकदा पेटला होता."

मी ओरडलोच. बहीण दचकली.

ते लाल बटन म्हणजे लॉकआउटचं रिसेट. बर्नरला एक डोळा असतो, फोटोसेल. तेल सोडल्यावर काही सेकंदांत त्याला ज्वाळ दिसली नाही तर तो सगळं बंद करतो, तेच लॉकआउट. तुम्ही बटन दाबता तेव्हा पंखा आधी आतली हवा बाहेर ढकलतो आणि मग पुन्हा तेल फवारतं. पेटलं नाही तर ते तेल जातं कुठे? आतच. दर दाबण्याला आणखी थोडं. गरम भिंतीवर त्याची वाफ होते, आणि सातव्या वेळी ठिणगी लागते.

माझ्या दुसऱ्याच बोटीवर हे झालं. बॉयलर पेटत नव्हता, वरून वाफ हवी म्हणून फोन येत होते, आणि मी शहाणा बटन दाबत राहिलो. तिथलं तेल जड, डांबरासारखं, तापवून पातळ केल्याशिवाय फवारतच नाही. त्या दिवशी हीटर बंद होता आणि मी बघितलंच नव्हतं. पाचव्या वेळी धाडकन आवाज झाला, बर्नरच्या कडेनं ज्वाळ बाहेर आली आणि माझ्या भुवया गेल्या. सेकंड साहेबांनी, म्हणजे सेकंड इंजिनिअरनी, आधी मला बघितलं, मग बॉयलर बघितला आणि म्हणाले, दोन्ही वाचले. तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हते हे बरं, घरच्यांना कळलंच नाही. बहिणीलाही हे त्या रात्रीच कळलं.

म्हणून भाच्याला बजावलं, एकदा दाब, फार तर दोनदा. मग हात मागे. आणि तू स्वतः उघडायचं नाहीस. त्याच्या डोक्यात यूट्यूबवर बघून नॉझल साफ करायचं होतं. म्हणतो, आजीच्या स्टोव्हला पिन मारायचो तसं. अरे, स्टोव्हच्या निपलला पिन मारून आपण लहानाचे मोठे झालो हे खरं. पण या नॉझलच्या आत तेलाला गरगर फिरवणाऱ्या बारीक खाचा असतात. पिननं एक ओरखडा पडला की फवारा एका बाजूला झुकतो. नॉझल बदलायचं, टोकरायचं नाही. ती काही मोठी महाग वस्तू नाही.

तिकडे या कामाला ऑफटेककडे, म्हणजे तेलाच्या बॉयलरांवर काम करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला तंत्रज्ञ मिळतो. त्याला बोलाव आणि काम झाल्यावर धुराच्या तपासणीचा छापील कागद माग. कार्बन डायऑक्साइड पुस्तकात दिलाय त्या मापात हवा, रॉकेलला साधारण 10 ते 12 टक्के. काजळीचा आकडा शून्य किंवा एक. कार्बन मोनॉक्साइड किती तेही त्यात लिहिलेलं हवं. आकडे न दाखवता "ज्वाळ छान पिवळी दिसतेय" म्हणणारा आला तर चहा पाज आणि पाठव. ज्वाळ डोळ्यांनी बघून हवा लावणारे मी बोटीवर पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्यामागे चिमणी खरवडायला मीच असायचो.

हीट पंप घे, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र, असंही त्याला कुणीतरी सांगितलंय. घेईल कधीतरी. आत्ता घराचे हप्ते आहेत, बॉयलरचं अंग कुठे गळत नाहीये आणि जानेवारी चालू आहे.

काल दुपारी त्यानं व्हिडिओ पाठवला. नवीन बर्नर, पुस्तकातल्या ओळीतलाच. चित्रात काही दिसत नाही, खोपटातला अंधार फक्त. पण मी डोळे मिटून ऐकला. आधी पंख्याची घरघर, दहा-बारा सेकंद. मग ठिणगीची तडतड. मग भप्प, अगदी हलकेच, शेजघरात कुणी उशी टाकावी तसं. आणि पुढे एकसुरी आवाज, ना थरथर, ना गचके. तीन वेळा लावून ऐकला.

बहीण मागे उभी होती.

"पाणी तापलं ना पण त्यांचं?"

तापलं म्हटलं.

"मग ऊठ आता. आपल्या बंबातली राख कोण काढणार?"