एक ओव्हरी गेल्यानंतरची माझी पेरिमेनोपॉजची (पाळी कायमची जाण्याआधीची) वर्षं

चौतिसाव्या वर्षी माझी उजवी ओव्हरी काढली. तिच्यावर गाठ होती, गाठीच्या वजनानं ओव्हरीला पीळ पडला आणि तिचा रक्तपुरवठाच बंद झाला. पोटात पहिली कळ उठली तेव्हापासून ऑपरेशन टेबलवर जाईपर्यंत बारा तासही गेले नसतील. शुद्धीवर आल्यावर एवढंच कानावर पडलं, "एक आहे ना शिल्लक, काळजी करू नका."

आणि खरंच काळजी करण्यासारखं काही झालं नाही. दीड महिन्यात पाळी आली आणि पुढे दहा वर्षं वेळच्या वेळी येत राहिली. एक ओव्हरी म्हणजे पाळी एक महिना सोडून येणार, असं अनेकींना वाटतं. तसं होत नाही. उरलेली ओव्हरी बहुतेक दर महिन्याचं काम स्वतःवर घेते. मी तर ते ऑपरेशन विसरूनही गेले होते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा आठवलं. आधी झोप गेली. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची तेव्हा मान आणि छाती घामानं ओली असायची, दोन-तीन मिनिटं अंगातून वाफा निघाव्यात तसं व्हायचं आणि मग थंडी वाजायची. छातीत धडधडायचं. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. अठ्ठावीस दिवसांची पाळी तेवीसवर आली, मग एकदम पन्नास दिवसांनी आली, आणि आली ती आठ-नऊ दिवस अंगावर जात राहिली.

मी माझ्यापुरता निष्कर्ष काढून टाकला: एक ओव्हरी नाही, म्हणजे हार्मोन निम्मे, म्हणून हे सगळं. ताईही तेच म्हणाली. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि तिची पाळी अगदी नियमित. "तुझं एक अंग गेलंय गं, तुला आधीच होणार." ती प्रेमानं बोलली, पण ते वाक्य मला फार लागलं. काहीतरी कायमचं अर्धं राहिलंय असं वाटायला लागलं.

पहिल्या डॉक्टरांनी रक्तातलं एफएसएच, म्हणजे ओव्हरी थकली की वाढणारं हार्मोन, तपासलं. ते नॉर्मल आलं, आणि "हे पाळी जाण्याचं नाही, ताण कमी करा" असं सांगून त्यांनी मला परत पाठवलं. चार महिने मी तेच धरून बसले. ते चार महिने वाया गेले याची मला आजही हळहळ वाटते. या काळात एफएसएच आज वर तर पुढच्या आठवड्यात खाली असू शकतं, त्यामुळे एका तपासणीवरून काही ठरत नाही. पंचेचाळिशीच्या आसपास पाळीचा बदललेला क्रम आणि बाईला होणारा त्रास हेच जास्त बोलकं असतं. हे मला दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं.

त्यांनी सर्वात आधी ऑपरेशनचे कागद मागितले. माझ्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त गाठ काढल्याचा उल्लेख होता. "काय काढलं आणि काय ठेवलं, हे नक्की कळल्याशिवाय मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात दोन खेपा घातल्यावर ऑपरेशनची मूळ नोंद मिळाली: उजवी ओव्हरी आणि उजवी नलिका काढली, डावी ओव्हरी निरोगी, गर्भाशय जागेवर. या एका ओळीवर पुढचं सगळं ठरत होतं. दोन्ही ओव्हऱ्या काढल्या असत्या तर पाळी त्याच दिवशी संपली असती आणि त्रास एकदम अंगावर आला असता. एक राहिली की उतार हळूहळूच येतो. पाळी कायमची जायचं वय सरासरी साधारण एका वर्षानं अलीकडे येतं, एवढाच फरक. दहा वर्षांनी नाही, एका वर्षानं! मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं.

आणि वाफा? त्या हार्मोन निम्मे झाल्यामुळे येत नव्हत्या. या वयात कधी बीज सुटतं, कधी नाही. सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयारच होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र कधी खूप चढतं, कधी धाडकन उतरतं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र या चढउतारानं हळवं होतं. दोन ओव्हऱ्या असणाऱ्या बाईलाही हेच होतं. माझी डावी ओव्हरी थकली होती, पण काम करत होती. घरी येताना रिक्षात मला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं.

रक्तस्रावाकडे मात्र त्यांनी जास्त गांभीर्यानं पाहिलं. मी "या वयात होतंच" म्हणून सोडून दिलं होतं. हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं. धडधड आणि थकवा यांतला बराच वाटा त्याचाच होता. थायरॉइड तपासलं, सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. तो अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस कठीण गेले. अहवाल चांगला आला.

उपचार ठरवताना त्यांनी स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचे आजार याबद्दल खोदून विचारलं, कारण त्यांत हार्मोन सहसा देत नाहीत. मला त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलं. गोळीपेक्षा त्यात गुठळीचा धोका कमी. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढत जातं, म्हणून गर्भाशयात हार्मोनची टी, म्हणजे हार्मोन सोडणारं छोटं साधन, बसवली. तिनं रक्तस्रावही कमी होतो आणि गर्भही राहत नाही. एका ओव्हरीवर, या वयातही, दिवस राहू शकतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडत राहिले आणि मी दोनदा ती काढून टाकायच्या बेतात होते. जेलनं वाफा मात्र महिन्याभरात कमी झाल्या. झोप परत आली, ती सगळ्यात मोठी गोष्ट. सांधे अजून सकाळी आखडतात.

आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. ऑपरेशनची ती नोंद फाइलच्या पहिल्याच पानावर आहे, आणि तिचा एक फोटो मोबाइलमध्ये.

गेल्या महिन्यात ताईला पहिल्यांदा वाफा आल्या. रात्री साडेतीनला तिनं मेसेज केला होता. सकाळी उठल्या उठल्या मी तिला फोन लावला आणि आधी विचारलं, "पाळीत किती दिवस जातंय अंगावर?"