एका थेंबानं विझलेला विस्तव

बुशक्राफ्ट, म्हणजे रानात हाताशी असेल त्यावर निभावून नेण्याची कला. तिच्या तीन दिवसांच्या शिबिरातला पहिला दिवस माझ्या डोक्यातून जवळजवळ पुसला गेलाय. चालत रानात शिरलो, ताडपत्री ताणली, गाठी शिकलो, रात्री कुडकुडलो. थंडी वरून नाही, जमिनीतून येते, हे तेव्हा पाठीला कळलं. अंगाखाली वीतभर जाड पालापाचोळा घाला असं सांगितलं होतं, मी कंटाळून चार बोटं घातला होता. पण हे लिहायला बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नाकावरून पडलेल्या घामाच्या एका थेंबासाठी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

धनुकलीनं आग पाडायची होती. जुन्या सुतारांचा भोकं पाडायचा सामता ज्यांनी पाहिलाय त्यांना चटकन कळेल. धनुकलीच्या दोरीचा एक वेढा उभ्या काठीला द्यायचा, धनुकली पुढे-मागे ओढायची, की काठी गरगर फिरते. खाली मऊ लाकडाची फळी, वर काठीचं डोकं दाबून धरायला हातात खोलगट ठोकळा. फळीच्या कडेला एक त्रिकोणी खाच. घासून पडणारा जळका भुसा त्या खाचेत साठतो आणि विस्तव धरतो तो हाच चिमूटभर भुसा. अरणी हा शब्द मी पोथ्यांत वाचलेला. दोन लाकडं घासली की भप्पकन ज्वाळा निघते, असंच चित्र माझ्या डोक्यात 46 वर्षं होतं.

लाकूड निवडायचं काम सरांनी आमच्यावर सोडलं आणि मी अर्थातच चुकीचं आणलं. जमिनीवर पडलेलं लाकूड ओल पितं. झाडावर उभ्यानंच वाळलेली फांदी हवी, आणि तीही नख दाबलं तर वण उठेल इतकी मऊ. माझ्या पहिल्या फळीला अर्ध्या तासात आरशासारखी चकाकी आली. धूर नाही, नुसतं किंचाळणं. शिबिरातले पाच पुरुष तोवर आपापले हातभर चाकू एकमेकांना दाखवत होते. सरांचा स्वतःचा चाकू जेमतेम चार बोटं पात्याचा. मांड्यांच्या मधे लाकूड धरून कधी तासू नका, तिथे मोठी धमनी असते, हे त्यांनी सगळ्यांत आधी सांगितलं होतं. हातभर चाकूवाल्यांपैकी दोघं तरीही तसेच बसले होते.

दुसरी फळी बरी निघाली. डावा पाय फळीवर, उजवा गुडघा जमिनीवर, डावं मनगट नडगीला घट्ट टेकवलेलं. गुडघ्यानं पाचव्या मिनिटाला तक्रार सुरू केली. सर येऊन भुसा बघायचे आणि एवढंच म्हणायचे, "अजून तपकिरी आहे." काळा, काजळीसारखा पडायला लागला की जवळ आलात. मी सगळा जीव ठोकळ्यावर टाकला तर काठी जागच्या जागी अडकली, सैल सोडला तर उडून शेजारच्या मुलाच्या पाठीला लागली. हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता आणि सकाळपासून अखंड बोलत होता. मला शांतता हवी होती म्हणून मी रानात आले होते, हे त्याला कोण सांगणार!

आणि मग भुसा काळा झाला. धनुकली थांबवली तरी खाचेतून धुराची बारीक दोरी वर येत राहिली. म्हणजे आता तो माझा धूर नव्हता, त्याचा त्याचा होता. बघायला म्हणून खाली वाकले. मोहरीएवढा लाल ठिपका दिसला, क्षणभर. नाकाच्या शेंड्यावरून थेंब सुटला. चुर्र.

"बरेच जण असेच विझवतात," सर म्हणाले. "वरून वाकायचं नसतं."

"मग आधी सांगायचं ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"काकू, सकाळीच सांगितलं होतं त्यांनी," तो मुलगा म्हणाला. "तुम्ही फोटो काढत होतात."

संध्याकाळी भूर्जाची साल चाकूच्या पाठीनं खरवडून तिचा कापूस केला आणि चकमकीच्या ठिणगीनं पेटवला. त्या सालीत तेल असतं, ओली असली तरी धरते. भूर्जपत्र म्हणजे माझ्या लेखी पोथी, जाळताना हात आखडला. तेव्हा सरांनी आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा तो. त्याच्याजवळ भूर्जाच्या सालीचा डबा होता, आणि मेपलच्या पानांत गुंडाळलेले कोळसे. विस्तव बरोबर घेऊन हिंडायचा, असं जाणकार मानतात. म्हणजे हा खटाटोप रोज करायला तोही वैतागत असणार! मला त्या रात्री छान झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सरांनी मला आणि त्या मुलाला एकाच धनुकलीला जुंपलं. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी कपाळाला पंचा बांधला. तो बोलतच होता, पण आता त्याच्या बोलण्याला धनुकलीचा ताल आला होता, आणि मीही त्या तालावर ओढत होते. पुन्हा ती धुराची दोरी. या वेळी कोणी वाकलं नाही. काडीनं हलकेच टिचकी देऊन विस्तव फळीपासून सोडवला, हातानं वारा घातला, तो जरा मोठा होऊ दिला. मग सुक्या गवताच्या घरट्यात ठेवून मी ते उचललं आणि फुंकायला लागले. लांबून, सावकाश. धूर दाट झाला, पिवळट झाला.

"काकू, नाक!" तो ओरडला.

मी नाक बाजूला केलं आणि फुंकत राहिले. घरटं हातातच भडकलं. घाबरून मी ते सरळ फेकून दिलं. नशीब, चुलीतच पडलं.