पिकअपवर हवेचा कॉम्प्रेसर

गेल्या महिन्यात मी माझ्या पिकअपवर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवेची छोटी टाकी कायमची बसवून घेतली. कोकणात रात्री टायर बसल्यावर पंक्चरवाल्याची वाट पाहण्याचा मला पुरेसा अनुभव होता.

मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर पितळी फिटिंग आणि टेफ्लॉन टेप मिळाली. वायरिंगला मात्र संपूर्ण रविवार लागला. असा कॉम्प्रेसर २० ते ३० अँपिअर प्रवाह सहज ओढतो, त्यामुळे तो डॅशबोर्डच्या लायटर सॉकेटवर चालवण्याचा मोह टाळून बॅटरीपासून थेट जाड तांब्याची वायर आणली, तिच्या सुरुवातीलाच, म्हणजे बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज बसवला आणि बटणावर भार येऊ नये म्हणून मध्ये रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घातला. टाकीतील दाब ठरावीक मर्यादेला पोहोचताच प्रेशर स्विच मोटार बंद करतो. तो अडकला तर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा सोडतो. या व्हॉल्व्हवर पैसे वाचवू नयेत.

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते, म्हणून तेथे साधी नळी न लावता स्टीलची जाळी असलेली नळी जोडली. जोडांवर साबणाचे पाणी लावल्यावर एका ठिकाणी बुडबुडे आले, आणि तो जोड अर्थातच सर्वांत अवघड जागी होता.

मुंबईच्या दमट हवेतील बाष्प दाबाखाली टाकीत पाणी होऊन साचते. त्यामुळे टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक मी पावसाळ्यात दर आठवड्याला उघडतो.