समीक्षेची वही : दिवाळी ते फेब्रुवारीअखेर

या हंगामात माझ्या वहीत 26 प्रयोगांची नोंद झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतील नाटके असून ती नागपुरातील लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात पाहिली. उरलेल्यांत काही एकांकिका, कॅफेंमधील स्टँडअपच्या संध्याकाळी आणि झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यातील, नाटकाची एक रात्र आहे. यंदा एकच शिस्त पाळायची ठरवली होती. रंगमंचावर काय घडले ते आधी लिहायचे आणि मत त्यानंतर.

ही शिस्त एका चुकीतून आली. गेल्या वर्षी एका एकांकिकेत वडिलांचे काम करणारा नट हातात स्टीलचा पेला धरून मुलाचे पत्र ऐकत होता आणि पेल्यातले पाणी हिंदकळत होते. ‘नट दडपणाखाली होता’ असे मी लिहून मोकळा झालो. तोच प्रयोग पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आले की पत्रात सुनेचे नाव येईपर्यंत तो हात अगदी स्थिर असतो, नाव येताच थरथर सुरू होते, आणि पत्र संपल्यावर तो पेला आवाज न करता जमिनीवर ठेवतो. हात केव्हा थरथरला एवढे जरी पहिल्या रात्री टिपले असते, तरी एका चांगल्या नटावर अन्याय झाला नसता.

विनोदी कार्यक्रमांच्या नोंदी अधिक कठीण गेल्या, पण शिकायलाही तेथेच जास्त मिळाले. एका तरुण कलाकाराला मी महिनाभरात तीनदा ऐकले. पहिल्या खेपेस त्याचे वाक्य होते, ‘बाबांनी कुलर शेजाऱ्याच्या खिडकीत लावला.’ हशा ‘शेजाऱ्याच्या’ या शब्दावर सुरू व्हायचा आणि पुढचे दोन शब्द त्यात बुडून जायचे. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, ‘बाबांनी कुलर काढला, ताट्या बदलल्या, पाणी भरलं, अन् लावला कुठं? शेजाऱ्याच्या खिडकीत.’ मराठीत क्रियापद स्वभावतःच शेवटी येते, त्यामुळे हशाचा शब्द क्रियापदाच्या पलीकडे नेऊन ठेवावा लागतो, आणि ही कारागिरी समीक्षेत सांगण्याजोगी आहे. (हा विनोद त्याने आता कार्यक्रमातून काढला आहे, म्हणूनच येथे दिला, चालू विनोदाचा शेवट समीक्षेत फोडू नये, असे माझे ठाम मत आहे.) ‘काहून बे’ (का रे) एवढ्यावर जो हशा आपल्याकडे हमखास येतो, तो मी वेगळ्या रकान्यात लिहितो, कारण तो बोलीच्या जिव्हाळ्याचा असतो, विनोदाचे श्रेय त्यात धरता येत नाही.

कॅफेंमधील या खुल्या मंचांवर कोणीही नाव नोंदवून उभे राहू शकते. स्कॉटलंडमधील एडिंबरोचा फ्रिंज महोत्सवही असाच सुरू झाला. 1947 साली तेथील आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे आमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्थांनी आपापल्या जागा शोधून प्रयोग केले, आणि आजही तेथे प्रयोगांची निवड करणारी मध्यवर्ती समिती नाही. जेथे चाळणी नसते तेथे अनोळखी नटाच्या प्रयोगाला जावे की नाही, हे ठरवताना प्रेक्षकाला समीक्षेचाच आधार उरतो. तिथल्या वृत्तपत्रांतून तारे देण्याची पद्धत आहे. मी ती स्वीकारलेली नाही, कारण तीन तारे पाहून त्या पेल्याबद्दल कोणालाही काही कळले नसते.

झाडीपट्टीची नोंद मात्र अपुरी राहिली. धानाची कामे आटोपल्यावर वडसा परिसरातील मंडळ्या गावोगाव प्रयोग करतात, आणि मी पाहिलेले नाटक रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालले. एका गाण्याला दोनदा वन्समोर मिळाला, तेव्हा पुढच्या रांगेतील म्हाताऱ्या बाया चादरी सावरून ताठ बसल्या, आणि पहाटेच्या मरणाच्या प्रवेशात त्याच बाया पदराने डोळे पुसत होत्या. दोन अंकी नाटकाच्या आटोपशीरपणाचा शहरी निकष मी तेथे लावू पाहत होतो आणि तो लागू पडत नव्हता, एवढे कळले. त्याऐवजी कोणता निकष लावावा हे एका रात्रीत ठरत नाही. म्हणून त्या पानावर फक्त घडलेले लिहिले आहे. मताची जागा कोरी ठेवली असून त्याच मंडळीचा प्रयोग दुसऱ्या गावात पाहिल्यावर ती भरेन.