पलूस एमआयडीसीतून येताना

पीएचडीच्या प्रश्नावल्या घेऊन आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस एमआयडीसीत लहान कारखानदारांकडं फिरलो. "काम कुठं शिकलात?" विचारलं की अनेकांचं बोट किर्लोस्करवाडीकडं. १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, लोखंडी नांगर केले. अशा कारखान्यात हात तयार होतात, मग कुणीतरी बाहेर पडून स्वतःचं लेथ टाकतं. अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहिलंय, धंदा एका गावात रुजला की त्याचं कसब तिथल्या हवेतच असतं.

पण कर्जाचं विचारल्यावर एक कारखानदार काका म्हणाले, "कर्जाचं सोडा, बिलं कधी मिळतात ते लिहा." २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा बिल चुकवायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घालतो. यांचे पैसे त्याच्या कितीतरी पुढं जातात, कामगारांचा पगार मात्र थांबत नाही. थकलेल्या बिलांचा तालुकावार अभ्यास व्हायलाच हवा. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्हे आहेत. वाणिज्य-व्यवस्थापनाच्या मित्रांनो, कोण येतंय सोबत?