एकच रेघ, तीन निकाल

क्रीम रंगाची आरामखुर्ची डाग काढायला आली होती. निळ्या बॉलपेनची एकच रेघ, साधारण ४० सेंटिमीटर लांब. खुर्चीच्या हातावरून सुरू होऊन शिवण ओलांडून बाहेरच्या बाजूवर उतरलेली. डाग चार दिवसांचा. रेघेच्या मध्यावर अंगठ्याएवढा निस्तेज, खरखरीत ठिपका होता आणि त्याच्याभोवती निळसर सावली. तिथे नेलपॉलिश रिमूव्हर लावून झालं होतं, हे विचारण्याआधीच कळत होतं.

अशा वेळी हात आधी शाईकडे जातो. बघायचं असतं ते चामडं. बॉलपेनची शाई म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेला रंग आणि राळ. ती पाण्याला दाद देत नाही, अल्कोहोलला देते. पण चामड्यावरचा रंगाचा थर आणि त्यावरचं पारदर्शक लॅकरही अल्कोहोलने मऊ पडतं. दोन्ही एकाच औषधाला बधतात, फक्त शाई थोडी आधी. काम करायचं ते त्या ‘थोडं आधी’मध्ये.

खुर्चीच्या हातावर पाण्याचा थेंब ठेवला. दोन मिनिटांनीही तो मण्यासारखा उभाच, म्हणजे वर रंगाचा थर असलेलं पिगमेंटेड चामडं. थेंब लगेच शोषला जाऊन खाली गडद डाग पडला असता, तर ते अ‍ॅनिलिन ठरलं असतं. त्यावर थर नसतो, शाई सरळ तंतूंत उतरते, आणि अल्कोहोल तिला आणखी खोल, आणखी रुंद पसरवतं. तशा चामड्यावर मी रेघ राहू देणं पसंत करतो. नेलपॉलिश रिमूव्हरच्या ठिपक्यावर थेंब दहा सेकंदांत गायब झाला. तिथे थर उरलाच नव्हता.

बाहेरच्या बाजूवरही थेंब उभा राहिला, पण ती बाजू बोटांना जास्तच एकसारखी लागत होती. खुर्ची उलटी करून तळाच्या पिना ठोकलेल्या कडा पाहिल्या. हाताच्या तुकड्याच्या मागे तंतूंची लव होती, बाजूच्या तुकड्याच्या मागे विणलेलं कापड. म्हणजे बाजू रेक्झिनची. ही फसवणूकच असते असं नाही. अंग लागतं तिथे चामडं आणि बाकी जुळत्या रंगाचं रेक्झिन, अशा खुर्च्या पुष्कळ बनतात. पण इथे एकाच रेघेखाली तीन वेगळे पृष्ठभाग निघाले होते.

सुरुवात हातापासून केली. आधी चामड्याच्या सौम्य क्लीनरने धूळ आणि अंगाचं तेल काढलं, नाहीतर अल्कोहोल तेच पसरवत बसतं. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात तितकंच डिस्टिल्ड पाणी घातलं. हाताच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर चाचणी घेतली. मग कापसाचा इअरबड त्यात ओला करून टिपकागदावर दाबला. तो दमट हवा, टपकता नको. रेघेवर तो घासायचा नाही, लाटायचा, तोही रेघेच्या दिशेने. आडवा फिरवला की एक मिलिमीटरची रेघ एक सेंटिमीटरचा पट्टा होते. बडचं प्रत्येक टोक एकदाच वापरायचं, लगेच कोरड्या कापसाने टिपायचं, आणि अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे मऊ झालेलं लॅकर पुन्हा धरतं.

सगळा हिशेब बडच्या टोकावर दिसतो. निळं आलं तर शाई निघतेय, क्रीम आलं तर चामड्याचा रंग निघतोय. क्रीम दिसलं की त्या जागी तिथेच थांबायचं, रेघ शिल्लक असली तरी. तीन फेऱ्यांनंतर अर्ध्या ताकदीच्या मिश्रणाने शाई कमी निघू लागली, तेव्हा निव्वळ ७० टक्क्यांवर गेलो. एका वेळी तीनच सेंटिमीटर. सत्तरेक टोकं खर्ची पडली. शाई गेल्यावर जांभळट छटा काही ठिकाणी रेंगाळली, कारण निळ्या बॉलपेनमध्ये बऱ्याचदा जांभळा रंगही मिसळलेला असतो; ती दोन फेऱ्यांनी उतरली.

हेअरस्प्रे चालतो असं सर्रास सांगतात. चालतो तो त्यातल्या अल्कोहोलमुळे, आणि त्यातली राळ चिकट थर म्हणून मागे राहते. टूथपेस्टने चकाकी घासली जाते. सगळ्यात वाईट म्हणजे आधी चामड्याचं तेलकट कंडिशनर चोळणं. शाईतला रंग तेलात आणखी आत सरकतो.

रिमूव्हरच्या ठिपक्यावर वरून काढण्यासारखं फारसं नव्हतं. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने थर विरघळला आणि त्यासोबत शाई पातळ होऊन तंतूंत गेली. नुसता रंग चढवला असता तर शाई काही दिवसांत खालून वर फुटली असती. म्हणून आधी दमट बडने आतली निळाई जमेल तेवढी उचलली. मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने (बारीक पॉलिश पेपरने) ठिपक्याची कड उतरती केली, पुसलं, वाळवलं, आणि रंगाला धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा पातळ हात दिला. रंग पांढरा, मातकट पिवळा आणि सुईच्या टोकाएवढा काळा मिसळून जुळवला. तो ओला असताना फिका दिसतो, म्हणून प्रत्येक मिश्रण टाकाऊ तुकड्यावर वाळवूनच पाहायचं. चौथ्या मिश्रणाला जुळला. स्पंजने टिपत पाच पातळ थर, प्रत्येकानंतर हेअर ड्रायरची कोमट हवा, शेवटी मॅट लॅकर. एक जाड थर दिला तर तो घडीवर तडकतो.

रेक्झिनवर मात्र हार. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतं, आणि शाईतला रंग त्यात मुरतो. चार दिवसांत रेघेच्या कडा धूसर झाल्या होत्या. अल्कोहोलने वरची शाई गेली, आतली तशीच राहिली. जास्त कडक द्रावक वापरला की प्लास्टिसायझरच निघून जातं, जागा कडक होऊन चकाकते. वरून रंग दिला तरी रेघ पुन्हा झिरपण्याची शक्यता मोठी. शिवण उसवून तो तुकडाच बदलायचं ठरलं.

हातावरची शाई पूर्ण गेली होती, तरी दिवा तिरका धरला की रेघ दिसायची. पेनच्या गोळीने दाबून पाडलेली ती चर. कोमट हवा देऊन बोटाने चोळल्यावर थोडी उथळ झाली, बाकी राहिली. खुर्ची परत देताना दिवा तिरका धरून ती आधीच दाखवली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या हातावर कोपर टेकू नका म्हणून सांगितलं.