उंदीर न मारता जनुक मोजताना

माझ्या पीएचडीचा प्रश्न असा होता: ट्यूमरच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी (इतर जनुकं चालू करणारं एक प्रथिन) कधी जोर धरतो आणि औषध दिल्यावर कधी मंदावतो? जुन्या पद्धतीने हे करायचं तर प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारायचे, ट्यूमर काढायचा, आरएनए (चालू जनुकाची पेशीत निघणारी नक्कल) मोजायचं. सोमवारी मोजलेला उंदीर गुरुवारी उरतच नाही. मग दिसलेला फरक औषधाचा की उंदराउंदरातला, हे कसं ठरवायचं? म्हणून गाइडने बायोल्युमिनेसन्स इमेजिंग सुचवलं, म्हणजे जिवंत उंदराच्या पेशींतून येणारा उजेड बाहेरून कॅमेऱ्याने मोजणं.

एनएफ-कप्पा-बी जिथे येऊन बसतो, तो डीएनएचा तुकडा ल्युसिफरेजच्या, म्हणजे काजव्याच्या उजेड पाडणाऱ्या एन्झाइमच्या, जनुकापुढे जोडायचा. जनुक चालू झालं की पेशी ल्युसिफरेज बनवते, आणि बाहेरून ल्युसिफेरिन (या एन्झाइमचं इंधन) टोचलं की पेशीतलं एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) नि ऑक्सिजन वापरून उजेड पडतो. (हे जनुक आपल्या भंडारदऱ्याच्या काजव्यांचं नव्हे, अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिसचं.) १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर कॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरातले चमकणारे साल्मोनेला जिवाणू बाहेरून टिपले होते, तेव्हापासून ही वाट रुळली.

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही. प्राण्यांसाठी आयएईसी (संस्थेची प्राणी-प्रयोग नीती समिती), पेशींत जनुक पोहोचवणाऱ्या लेंटिव्हायरससाठी बायोसेफ्टी समिती. आयएईसीपुढे 'इतकेच उंदीर का' याचं सांख्यिकी उत्तर तयार ठेवा.

खरी मेहनत इंजेक्शनपासून सुरू होते. ल्युसिफेरिनचा डोस किलोमागे १५० मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ३ मिलिग्रॅम. पोटात, खालच्या बाजूला, उजवीकडे टोचायचं. सुई आतड्यात गेली तर उजेड निम्म्यावर येतो, आणि पडद्यावर ते औषधाच्या परिणामासारखंच दिसतं! मग आयसोफ्लुरेनची भूल, आणि उंदीर उणे ९० अंशांपर्यंत थंड केलेल्या कॅमेऱ्याखाली, काळ्या पेटीत. खालची फळी मात्र ३७ अंशांवर हवी, कारण भुलेत उंदीर भराभर गार पडतो आणि एन्झाइमही मंदावतं.

पडद्यावरचे लाल-निळे रंग संगणकाने भरलेले असतात. लॅब मीटिंगमध्ये सगळे त्यांच्याकडेच बघतात. मी आकडेच बघायला लागले. उजेड हळूहळू चढतो, साधारण १०-१५ मिनिटांनी शिखर गाठतो आणि उतरतो. त्यामुळे एकच फोटो काढून भागत नाही, दर वेळी पूर्ण आलेख घ्यावा लागतो. एकाच ट्यूमरचा आलेख वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी शिखरावर येतो. रक्तपुरवठा बदलला की ल्युसिफेरिन पोहोचण्याचा वेगही बदलतो. ६०० नॅनोमीटरखालचा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन गिळतं, म्हणून खोलवरचा ट्यूमर उगाच मंद वाटतो. मी त्वचेखालचे ट्यूमर आणि बिनकेसांचे न्यूड माउस घेतले ते याचसाठी. काळ्या उंदरांवर काम करणारी मैत्रीण प्रत्येक इमेजिंगआधी त्यांची हजामत करत बसायची.

तरीही एक प्रश्न उरतोच. सिग्नल उतरला, म्हणजे जनुक मंदावलं की पेशीच मेल्या? यासाठी त्याच पेशींत दुसरं ल्युसिफरेज घातलं होतं, रेनिला या समुद्री जिवाचं, कायम चालू राहणाऱ्या प्रोमोटरखाली (प्रोमोटर म्हणजे जनुकाचं बटण). त्याला कोएलेंटेराझिन हे वेगळं इंधन लागतं, शेपटीच्या शिरेतून, आणि त्याचा उजेड मिनिटांत विझतो. म्हणून आधी रेनिला, मग काही तासांनी काजवा. शेपटीची शीर सापडणं ही वेगळीच विद्या आहे. कोमट पाण्यात शेपटी बुडवली की शीर जरा फुगते. औषधानंतर काजव्याचा सिग्नल उतरला, रेनिलाचा जागेवर राहिला. गुणोत्तर घसरलं, तेव्हा हायसं वाटलं: पेशी जिवंत होत्या, एनएफ-कप्पा-बी थंडावला होता. ल्युसिफरेज पेशीत काही तासांतच निम्मं होतं, म्हणून हा उतार दिसला तरी. त्याजागी दिवसभर टिकणारा साधा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असता तर तेव्हा काहीच कळलं नसतं.

एवढं करूनही थीसिसच्या परीक्षकांनी शेवटच्या दिवशीच्या ट्यूमरचा क्यूपीसीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचं आरएनए-मोजमाप, मागितलाच. तो केला, आणि त्या एका दिवसापुरता तो माझ्या गुणोत्तराशी जुळला.